हवा आधी की दवाखाना आधी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वस्तीतल्या दहा-बारा जणांचा गट आहे. वर्गणी काढून तुम्ही हवेचं प्रदूषण मोजणारे तीन स्वस्तातले सेन्सर बसवलेत. आकडे चढे येतात, ते जोडून प्रशासनाला पत्रं पाठवलीत आणि उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे’. दुसरीकडे जवळच्या सरकारी दवाखान्यात दम्याची औषधं निम्मा वेळ संपलेली असतात. त्यावरून गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो हवेचाच विषय लावून धरू, दुसरा म्हणतो हवा सुधारेल तेव्हा सुधारेल, आधी दवाखाना धड करून घेऊ. आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की एका पक्षाने मदत देऊ केलीय, ती घ्यावी का.

मी आधी श्वसनविकार विभागात परिचारिका होते आणि नंतर वस्त्यांमधल्या आरोग्य गटांबरोबर काम करत आले. त्यामुळे या दोन्ही तटांची बाजू मी कधी ना कधी मांडलेली आहे. पण तुमच्या पत्राचा मजकूर वाचल्यावर मला वाटतं, घोडं अडलंय ते तिसऱ्याच ठिकाणी. ‘परिसरातील वाढत्या वायुप्रदूषणाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ कार्यवाही कोणी करायची, कसली, कधीपर्यंत, यातलं काहीच या वाक्यात नाही. अशा पत्राला कुणी नकारसुद्धा देत नाही, कारण नकार देण्यासारखं त्यात काही नसतं. मागणी अशी लागते की समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागेल. ‘नाही’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. लेखी नकारात कारण द्यावं लागतं, आणि त्या कारणावर वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. ‘नोंद घेतली’वर कुठेच जाता येत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. प्रदूषण एकाच ठिकाणाहून येतंय की चारी बाजूंनी? वस्तीतली किती घरं त्याच कारखान्यावर किंवा वाहतुकीवर पोट भरतात? माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे का, आणि तक्रार करणाऱ्याला तुमच्याकडे त्रास होतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘होतो’ असेल, तर खाली लिहिलेल्यातलं बरंचसं एकेकट्याच्या नावाने न करता दहा-वीस सह्यांनीच करा.

सेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच बहुतेक गटांची फसगत होते. हे स्वस्त सेन्सर कण मोजत नाहीत. हवेचा झोत लेझरसमोरून नेतात, कणांवरून किती प्रकाश विखुरला ते पाहतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा फुगतो. धुक्याच्या सकाळी तुमचा आलेख आभाळाला भिडलेला दिसेल, त्यातला काही भाग निव्वळ पाण्याचा असतो. उलट बांधकामाची, रस्त्याची जाड धूळ यांना नीट दिसतच नाही. पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, जो आकडा ते दाखवतात तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी असतो. म्हणजे तुमचं दुखणं धुळीचं असेल तर तुमचाच सेन्सर तुमच्या विरोधात साक्ष देईल. त्यात तो कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी बसवलेला असला, तर संध्याकाळी वस्तीच्या हवेऐवजी फोडणीच मोजली जाते.

यावर उपाय सोपा आहे. जवळपास सरकारी मापन केंद्र असेल तर तिन्ही सेन्सर दोन-तीन आठवडे त्याच्या शेजारी ठेवायची परवानगी मागा. किती फरक पडतो तो लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो स्वतःहून सांगा. परवानगी मिळाली नाही तर निदान तिन्ही सेन्सर एकाच जागी ठेवून ते आपापसात जुळतात का, ते बघा. स्वतःच्या मापनातली उणीव स्वतःच सांगणाऱ्या गटाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात, हा माझा अनुभव आहे.

तुलना कशाशी करायची, हाही मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची) मार्गदर्शक पातळी वर्षाच्या सरासरीसाठी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम केली. त्याआधी, २००५ पासून, ती १० आणि २५ होती. जगातली जवळजवळ सगळी माणसं याहून खराब हवेत राहतात. त्यामुळे नुसतं ‘आमचा आकडा आरोग्य संघटनेच्या कितीतरी पट आहे’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळीकडेच आहे.’ आधी तुमच्या देशात कायद्याने जी मर्यादा घातलीय ती पकडा. ती मोडली जात असेल तर प्रशासन बांधील आहे. आरोग्य संघटनेचा आकडा दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या.

पण या सेन्सरचा खरा उपयोग सरासरी काढायला नाहीच. तो घड्याळ म्हणून वापरा. दिवसाचे कोणते तास चढतात, वाऱ्याची दिशा बदलली की काय होतं, सुट्टीच्या दिवशी काय होतं, हे त्यातून छान कळतं, आणि त्यासाठी आकडा अचूक असण्याची फारशी गरज नसते. मी ज्या एका गटाबरोबर होते, त्यांच्या आलेखात रोज रात्री दोनच्या सुमारास एक सुळका यायचा आणि पहाटेपर्यंत उतरायचा. सगळे महामार्गावरच्या ट्रकना दोष देत होते. मग रात्रपाळीहून परतणाऱ्या दोघांनी एक वही ठेवली. त्यात वेळ, वारा कुठून, वास कसला, दिसलं काय, एवढे चार रकाने. ‘२.१०. वारा पश्चिमेचा. जळक्या रबराचा वास. भिंतीपलीकडे लाल उजेड.’ अशा नोंदी जमल्यावर कळलं की गोळा केलेला कचरा उचलून नेण्याऐवजी रात्री तिथेच पेटवला जात होता. मग मागणी झाली ती एका ओळीची: अमुक जागी रात्री कचरा जाळणं कंत्राटाच्या कुठल्या अटीत बसतं ते लेखी कळवा. जाळणं थांबलं. हवा शुद्ध झाली का? नाही, ट्रक होतेच. पण गटाला पहिल्यांदा असं वाटलं की आपण काही हलवू शकतो, आणि त्यानंतर बैठकीला माणसं यायला लागली.

आता तुमच्या भांडणाकडे येते. हवा आणि दवाखाना यांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे बाह्यरुग्ण विभागाचं रजिस्टर. बहुतेक ठिकाणी त्यात नाव, वय, तक्रार, औषध एवढंच असतं. ‘खोकला’, ‘दम’, ‘खोकला’, पुन्हा ‘दम’. तेच मूल महिन्यात तिसऱ्यांदा आलं हे त्यातून कळत नाही, कारण दर वेळी नवा क्रमांक पडतो. कुठल्या गल्लीतून आलं हेही नाही. मी स्वतः अशी रजिस्टरं भरलेली आहेत. समोर रांग असताना कुणी यापेक्षा जास्त लिहीत नाही, आणि कुणी मागितलंही नसतं.

लंडनच्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीचं प्रकरण म्हणूनच मी प्रत्येक गटाला सांगते. ती वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची. दम्याच्या तीव्र झटक्यांमुळे तिला पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. तिच्या आईने चिकाटी सोडली नाही म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, नोंदवलं की तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला होता. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. लोकांना एवढं माहीत असतं. कमी माहीत असतं ते पुढचं: आईला प्रदूषणाने दमा बळावतो ही माहिती कुणी दिली नव्हती, दिली असती तर तिने पावलं उचलली असती, असंही त्याने नोंदवलं. २०२१ च्या आपल्या अहवालात तर त्याने डॉक्टर आणि परिचारिका रुग्णांना प्रदूषणाच्या परिणामांबद्दल पुरेसं सांगत नाहीत, ही स्वतंत्र चिंता मांडली. म्हणजे हवेचा खटला अर्धा दवाखान्यातच येऊन थांबला.

म्हणून माझं उत्तर असं की तुम्ही दोन्ही विषय सोडू नका, पण सुरुवात दवाखान्याच्या दारातून करा आणि मागणी हवेशी जोडलेली ठेवा. दम लागून आलेल्या प्रत्येक रुग्णासमोर वस्तीचा किंवा गल्लीचा रकाना असावा, आणि तो पुन्हा आलेला असेल तर तशी खूण असावी, ही पहिली मागणी. नावं तुम्हाला नकोत, नुसत्या बेरजा हव्यात, हे पत्रात ठळक लिहा. रुग्णाची माहिती बाहेर जाईल ही भीती रास्त असते. या मागणीला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि निर्णय एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात आहे.

दुसरी मागणी औषधांची, आणि इथे एक सावधगिरी. लोक नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून मुखवट्यातून देणारं यंत्र, मागतात, कारण यंत्र डोळ्यांना दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. पण दम्यात झटका येऊ न देणारं औषध हे रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या इनहेलरमधून जातं. ते आणि झटक्यासाठीचा साल्ब्युटामॉल इनहेलर, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सौम्य आणि मध्यम झटक्यात मुलांना स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावून दिलेला इनहेलर नेब्युलायझरइतकाच लागू पडतो. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला भोक पाडून केलेला स्पेसरही चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात दिसलेलं आहे. (घरी करून बघायच्या आधी परिचारिकेकडून नीट शिकून घ्या, भोक सैल राहिलं तर औषध बाहेरच उडतं.) तेव्हा ‘यंत्र द्या’ म्हणण्यापेक्षा ‘ही दोन औषधं महिन्यातून किती दिवस शिल्लक नव्हती ते दर महिन्याला फलकावर लिहा’ असं मागा. फलक लागला की तुटवडा सगळ्यांना दिसतो आणि वरून पुरवठा मागायला तिथल्या डॉक्टरच्याही हातात काही येतं. डॉक्टर बहुतेक वेळा तुमच्या बाजूचा असतो. त्याला शत्रू करू नका.

असं फलकावर लिहिणं ही काही माझी कल्पना नव्हे. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली जी लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्यात गावकरी प्रश्नावली भरून आरोग्य केंद्राच्या सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. लाल रंगाचा खुलासा भर सभेत करायची वेळ आली की फाईल हलते.

रजिस्टरमध्ये गल्लीचा रकाना आला आणि सेन्सरचं घड्याळ चालू राहिलं, की दोन्ही शेजारी ठेवता येतात. १९८६-८७ मध्ये अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला एक पोलाद कारखाना कामगार-वादामुळे वर्षभराहून थोडा जास्त काळ बंद होता. आर्डन पोप या संशोधकाने नंतर रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी दाखल झालेल्या मुलांची संख्या बंदच्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट निघाली. तुमच्याकडेही कधी संप होईल, रस्ता दुरुस्तीसाठी बंद पडेल, भट्टी थंड राहील. त्या तारखा लिहून ठेवा. एका छोट्या दवाखान्याच्या आकड्यांवरून काही सिद्ध होणार नाही, तसा दावाही करू नका, पण ‘हे का झालं ते तपासा’ असं म्हणायला तेवढं पुरतं.

दावा आवरता ठेवण्याबद्दल आणखी एक उदाहरण. आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये १९९० साली धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली आणि हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. त्यामुळे हृदयविकाराचे मृत्यूही बरेच घटले, असं आधीच्या अभ्यासात म्हटलं होतं. पुढच्या फेरविश्लेषणात श्वसनविकारांबद्दलचा निष्कर्ष टिकला, हृदयविकाराबद्दलचा टिकला नाही. बंदी योग्यच होती. पण तुमच्या पत्रकात ‘यामुळे इतके जीव वाचतील’ असं छापलंत, तर विरोधक नेमकं तेच वाक्य उचलतील.

गट फुटण्याबद्दल. अमेरिकेत लुईझियानातल्या नॉर्को गावी डायमंड नावाची चार रस्त्यांची कृष्णवर्णीयांची वस्ती शेल कंपनीच्या रासायनिक कारखान्याला खेटून होती. तिथल्या लोकांनी प्लास्टिकच्या बादलीत खास पिशवी बसवून हवेचे नमुने घेतले आणि ते प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यांची मागणी होती, आम्हाला दुसरीकडे जाता येईल अशी रक्कम द्या. कंपनीने आधी फक्त कारखान्याजवळच्या दोन रस्त्यांना देऊ केलं. निम्म्यांचं भागलं होतं, भांडण लागायला एवढं पुरलं असतं. पण मार्गी रिचर्ड आणि त्यांचे शेजारी चारही रस्त्यांवर अडून राहिले आणि २००२ मध्ये ते मिळवलं. तुमच्यात कुणाचं तरी अर्धं काम आधी होणार, हे धरूनच चाला. औषधं आधी आली तर दवाखानावाले घरी बसतील का, हे आजच एकमेकांना विचारा आणि ठरेल ते वहीत लिहून सह्या करा. गल्लीत कारखान्यावर पोट असलेली घरं असतील तर त्यांच्याशी हे बोलणं सगळ्यात आधी करा, भले ते बैठकीला येणार नसोत. ‘बंद करा’ आणि ‘गाळणी बसवा, रात्री धूर सोडू नका’ या दोन मागण्यांमध्ये त्यांच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लोक येत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. लोकांना कार्यकर्ते व्हायचं नसतं, त्यांना आपल्या मुलाच्या खोकल्याचं काय करायचं ते हवं असतं. दक्षिण आफ्रिकेतली ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही एचआयव्हीच्या उपचारांसाठीची चळवळ १९९८ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने, आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून, गरोदर मातांना नेविरापिन हे औषध द्यायचा आदेश सरकारला दिला, हा तिचा गाजलेला विजय. पण त्यामागे वस्त्यावस्त्यांत घेतलेले वर्ग होते. विषाणू म्हणजे काय, औषध काय करतं, हे सामान्य माणसं शिकली आणि मग तज्ज्ञांसमोर न अडखळता बोलली. तुमची पुढची बैठक बैठक म्हणून बोलावूच नका. इनहेलर कसा घ्यायचा, हे शिकवायला परिचारिकेला बोलवा. दहातले बहुतेक जण तो चुकीचा घेतात. तोंडात फवारा मारून लगेच श्वास सोडतात. ते दुरुस्त झालं की घरी फरक जाणवतो, आणि मग पत्रावर सही मागायची गरज पडत नाही.

अधिकाऱ्याला भेटायला जाताना तिघांनी जावं: एक बोलणारा, एक लिहिणारा, आणि एक ज्याच्या घरात रुग्ण आहे असा. त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं म्हणालात, अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात’ असं पत्र किंवा मेल पाठवा. यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, असं शेवटी लिहा. दुरुस्ती सहसा येत नाही, आणि ते पत्रच पुढे इतिवृत्त म्हणून उभं राहतं.

थोडक्यात, पुढच्या काही आठवड्यांत रजिस्टरचा रकाना आणि औषधांचा फलक या दोन मागण्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, सेन्सरची जुळणी आणि रात्रीची वही गटाकडे, आणि इनहेलरचा वर्ग सगळ्यांसाठी. हवेबद्दलचं मोठं पत्र त्यानंतर, त्यात एकच स्रोत, एकच अधिकारी, एकच तारीख.

यातून मोठी सुधारणा कशी होणार, असं गटातला कुणीतरी विचारेलच. थायलंडमध्ये १९९७ च्या राज्यघटनेने ५०,००० सह्यांवर विधेयक मांडायची मुभा दिली होती. तिथल्या संघटनांनी आरोग्य हक्काच्या विधेयकासाठी तेवढ्या सह्या जमवल्या आणि २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य सुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्यात नियामक मंडळावर नागरी संघटनांच्या प्रतिनिधींच्या जागा लिहून घेतल्या गेल्या, आणि मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग तो वाटतो. सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं, पण कायद्यातली खुर्ची सहज काढता येत नाही. तुमच्या दवाखान्याला सल्लागार किंवा रुग्ण कल्याण समिती असेल तर तिच्यावर वस्तीचे दोन प्रतिनिधी हवेत ही मागणी आतापासूनच यादीत ठेवा. बहुतेक ठिकाणी अशी समिती कागदावर असतेच.

राहिला पक्षाचा प्रश्न. पैसे, फलक, मंडप घेऊ नका. त्यानंतर तुमचा प्रत्येक आकडा त्या पक्षाचा ठरतो आणि दुसऱ्या पक्षाच्या घरातले रुग्ण यायचे बंद होतात. पण निवडून आलेल्या त्यांच्या माणसाला तुमचा प्रश्न सभागृहात विचारायचा असेल तर खुशाल विचारू द्या. प्रश्नाचा मजकूर तुम्ही लिहून द्या, आणि तोच मजकूर त्याच दिवशी बाकीच्या पक्षांच्या सदस्यांनाही पाठवा. हे आधीच सांगून टाकलंत तर कोण खरंच मदत करायला आलंय ते तिथल्या तिथे कळेल.